शिरवळला न गेलेलं दुसरं कार्ड

रंगा,

तुझ्यावर मी लिहीत असलेला हा दुसरा मृत्युलेख. पहिला लिहिला तेव्हा तू माझ्या शेजारीच ओट्यावर मांडी ठोकून बसला होतास, भाजलेल्या शेंगा खात होतास, टरफलं माझ्या पदरावर टाकत होतास आणि "अजून जरा चांगलं लिही की माझ्याबद्दल" म्हणून मागं लागला होतास. दोन ओळींचं काम होतं, मी पाऊण कार्ड भरलं. आज अख्खी वही उघडी आहे आणि बारा दिवस झाले, तुझ्या नावापुढं पेन सरकत नव्हतं.

आधी फोनचं सांगते, कारण ते तुला विलासनं सांगितलेलं नसणार.

त्या दिवशी सकाळी मी माधवनगरला आमच्या मागच्या पडवीत मेथी निवडत होते. आठ वाजले असतील. फोन वाजला, वर तुझंच नाव. उचलला तर तुझा विलास. म्हणाला, "आत्या, अण्णा गेले."

आणि मी हसले.

गालातल्या गालात नव्हे, चांगली खदखदून हसले. म्हणाले, "व्हय का? मग दुसरं कार्ड कवा येतंय?"

विलासच्या मागं बायका रडत होत्या, तेही मला ऐकू येत होतं. तरी डोक्यात उजेड पडेना. मला वाटलं, या खेपेला म्हाताऱ्यानं हद्द केली, रडायला बायकासुद्धा गोळा केल्या. वर मी सूचनाही केली, की त्यांना म्हणावं आवाज जरा कमी करा, एवढ्या जोरात रडलं की कुणाला खरं वाटत नाही. मग तुझ्या सुनेनं फोन घेतला. सुनीता म्हणाली, "आत्या, खरंच गेले ओ."

मेथीची जुडी तशीच हातात राहिली. संध्याकाळी नातसुनेनं ती माझ्या मुठीतून सोडवून घेतली, असं ती सांगते. मला आठवत नाही.

आता यात माझा दोष किती आणि तुझा किती, ते तूच ठरव. दरवर्षी शेंगा निघाल्या की तू फोन करणार. पूर्वी आमच्या शेजारच्यांकडं, मग घरातल्या फोनवर, मग मोबाईलवर. आवाज घोगरा करून विचारणार, मालनबाई आहेत का, कुंडलवरनं बोलतोय, रंगराव वारले, कळवायचं होतं. मी विचारणार, कशानं वारले. तू म्हणणार, "तुमच्या अक्षरानं." मग दोन म्हातारी माणसं फोनच्या दोन टोकांना खोकला येईपर्यंत हसणार. या वर्षीचं तुझं मरण दिवाळीआधीच होऊन गेलं होतं. एका वर्षात दोनदा मरायची आपली रीत नव्हती. एवढं तरी माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

सुनीता सांगत होती, तू डेअरीत दूध घालून आलास, किटली ओट्यावर ठेवलीस, "चहा टाक" म्हणालास आणि खांबाला टेकलास. ती चहा घेऊन आली तेव्हा तू तसाच टेकलेला होतास. किटलीचं झाकण तुझ्या हातात होतं. तोफा ज्याला मारू शकल्या नाहीत तो माणूस किटलीचं झाकण हातात धरून जातो, हे मला अजून पटत नाही. आपल्या मॅट्रिकवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती. मी प्रत्येक चित्र उघडून बघत होते. कुणीतरी खाली 'गंमत केली' असं लिहील, म्हणून.

हे दुसरं कार्ड काय ते इतरांना कळायला हवं. आणि तुलाही सगळं सांगायला हवं, कारण त्यातलं अर्धंच तुला ठाऊक आहे असं मी इतकी वर्षं समजत आले.

एकाहत्तर साल. तुला पलटणीत जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तू सुट्टीवर आला होतास. शेंगा काढायचे दिवस. तू खळ्यात शेंगा पसरत होतास आणि एक कावळा सरळ येऊन तुझ्या डोक्यावर बसला. बसला तो बसला, वर एक टोचाही मारला. हसलास तू एकटाच. तुझ्या आईच्या हातातलं सूप खाली पडलं. तिला आमची सगळी गल्ली आक्का म्हणायची. धीराची बाई, पण त्या दिवशी तिचे ओठ पांढरे झाले. डोक्यावर कावळा बसला म्हणजे मरण माणूस बघून गेलं. त्याला उतारा एकच. ज्यांना खरं काय ते माहीत नाही अशा रक्ताच्या माणसांना 'तो गेला' म्हणून कळवायचं. ती रडली की मरणाला वाटतं, आपलं काम झालं, आणि ते माघारी जातं. मग दुसऱ्या दिवशी लगेच दुसरा निरोप धाडायचा, की माणूस जिवंत आहे, कावळ्यासाठी खोटं बोललो, पोटात घाला.

आक्कानं रडायला माहेर निवडलं. शिरवळला तिची म्हातारी आई होती, तुझी आजी. चौथीपर्यंत तू तिच्याजवळच वाढलास. तुझ्या मामांचं आणि आक्काचं तेव्हा बोलणं बंद होतं, कुंडलच्या शिवेत पाय ठेवणार नाही अशी शपथ घालून मामा गेले होते. म्हणजे कुणी धावत येऊन बघणार नव्हतं. आक्का म्हणाली, "भाऊ यायचा न्हाई. पर आई रडंल."

कार्ड लिहायला मला बोलावलं, कारण मी मॅट्रिक आणि माझं अक्षर.

त्या मालनबद्दल इथं दोन शब्द सांगायला हवेत. एकोणीस वर्षांची होती ती. मॅट्रिक झाली होती, पण दुसऱ्या खेपेला, आणि ते 'दुसऱ्या खेपेला' ती गिळून टाकायची. तू पहिल्याच झटक्यात पास झालास हा तिच्या मते तपासणाऱ्याचा घोटाळा होता. शाळेत निबंधाला एकदा कंपासपेटी बक्षीस मिळाली होती, तेवढ्यावर ती स्वतःला लेखिका समजायची. 'अंधश्रद्धा' हा शब्द तिला नुकताच सापडला होता आणि ती तो मिठासारखा सगळ्यात घालायची. आक्कालाही तिनं ऐकवलं, की कावळ्याला काय कळतंय. आक्का म्हणाली, "तुला तरी काय कळतंय? लिव."

मग तिनं लिहिलं. 'रंगराव पलटणीत असता वारला' एवढंच पुरलं असतं. पण बाईसाहेब पेटल्या. कुंडलच्या आभाळातला तारा निखळला, असं लिहिलं. मातेच्या काळजाचा तुकडा गेला, असं लिहिलं. तू शेजारून सांगत होतास, "लय दिलदार होता असं बी लिही," तर तेही लिहिलं. खाली रिवाजाप्रमाणं 'वाचून फाडून टाकावे', आणि वाईट बातमीच्या कार्डाचा फाडतात तसा एक कोपरा फाडला. आक्कानं वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं, अगदी वक्तृत्व स्पर्धेत उभं राहिल्यासारखं, आणि तुझी आई खरंच रडायला लागली. ते बघून तुला एवढं हसू आलं की शेंगदाणा घशात अडकला. तू खोकतोयस, आक्का एका हातानं डोळे पुसतीय आणि दुसऱ्या हातानं तुझ्या पाठीत धपाटे घालतीय, "मेल्या, मेल्यावर तरी गप बस."

रंगा, तुझ्या मरणाच्या वेळी मी एवढी हसले होते. म्हणून या वेळी हसले.

दुसरं कार्ड त्याच बैठकीत लिहिलं. ते अगदीच साधं होतं. 'चि. रंगराव सुखरूप आहे. डोक्यावर कावळा बसला म्हणून तसे कळवले होते. काळजी नसावी.' चारी कोपरे शाबूत. पहिलं कार्ड तू स्वतः जाऊन पेटीत टाकलंस, आपल्या मरणाचं कार्ड आपल्या हातानं टाकणारा कुंडलमधला मीच पहिला म्हणून मिरवतही आलास. दुसरं मी उद्या टाकायचं ठरलं. आणि त्या उद्याला सकाळीच तुझी तार आली. सुट्टी रद्द, ताबडतोब हजर व्हा.

एसटीच्या खिडकीतून तू मला म्हणालास, "कार्ड टाक हां, मालन. आजी लय रडंल."

मी म्हणाले, टाकते.

टाकलं न्हाई.

विसरले नाही मी. त्याच दुपारी पेटीपाशी गेले होते. कार्ड पेटीच्या तोंडात अर्धं घातलंही होतं. आणि अंधश्रद्धेवर भाषणं ठोकणारी ती शहाणी तिथंच थिजली. सुट्टी रद्द झाली म्हणजे लढाई होणार, हे गावात लहान पोरंसुद्धा बोलत होती. तिच्या मनात आलं, शिरवळला आजी रडतीय तोवर मरणाच्या हिशेबी रंग्याचं काम संपलेलं आहे. कार्ड गेलं की त्याला कळणार, हा अजून आहे, जिवंत आहे, तिकडं सीमेवर आहे. आजचा एक दिवस राहू दे. तिनं कार्ड परत काढलं आणि घरी येऊन कंपासपेटीत ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. दिवाळी झाली, थंडी पडली. रोज ती मनाशी म्हणायची, आजचा एक दिवस. एका म्हातारीचं रडणं तिनं तुझ्यासाठी असं दिवसादिवसानं लांबवलं. एकोणीस वर्षांच्या अकलेला वाटलं, म्हातारं माणूस, रडेल थोडं, मग कळल्यावर हसेल.

लढाईला तोंड लागायच्या चार दिवस आधी शिरवळहून कार्ड आलं. कोपरा फाडलेलं. तुझी आजी गेली होती.

आक्का शिरवळला जाऊन आली ती थेट आमच्या दारात. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या. म्हणाली, "दुसरं कार्ड पोचलंच न्हाई त्यास्नी. आई शेवटपातूर रंग्याचं नाव घेऊन रडत हुती. तू टाकलं हुतंस न्हवं?"

माझी आई चुलीपाशी होती, वडील ओट्यावर होते. मी म्हणाले, टाकलं होतं.

वयानं गेली असेल ती. असेलही. भरपूर वय होतं. पण तुला सांगते, त्यानंतर मला कुठल्याच पत्रपेटीजवळून नीट जाता आलं नाही. माझी पत्रं मी नवऱ्याकडं देत आले.

होळीला तू आलास. डावा कान घेऊन आला नव्हतास, तो तिकडंच खंदकात राहिला. गोळा जवळ पडला, तुझा कान बहिरा झाला, आणि तुझ्याहून दोन हात पलीकडं बसलेला तुझा जोडीदार जोतिराम, खटावकडचा, तो गेला. हे तू एकदाच सांगितलंस, आणि तेही असं सांगितलंस जसं कुणी पावसापाण्याचं सांगतं. आक्का तुला वाढत होती. ती म्हणाली, "माज्या आईचं आयुष्य तुला लागलं रं. ती रडत ऱ्हायली म्हून तू वाचलास."

तू हातातला घास खाली ठेवलास. म्हणालास, "मग जोतिरामच्या घरी मरायला कुणी तयार न्हवतं, म्हून तो गेला व्हय?"

आणि ताट सरकवलंस. मी दारातच उभी होते. तू माझ्याकडं वळलास. "मालन, तू कार्ड टाकलं होतंस न्हवं?"

त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर तुझ्यावर काय ओझं पडलं असतं, एवढं मात्र त्या मालनला कळलं. म्हातारीच्या आसवांवर तू जगलास असं आक्का आधीच म्हणत होती. मी ती आसवं मुद्दाम चालू ठेवली, तुझ्यासाठी, हे ऐकून तू तो जीव कुठं ठेवला असतास? हे एक कारण. दुसरं कारण असं, की मी भित्री होते. मी म्हणाले, टाकलं होतं.

त्या दिवसापासून तू पोस्टाशी वैर धरलंस. बिचाऱ्यांचा काडीचा दोष नव्हता. गावात नवा पोस्टमन आला की तू त्याला उभा करून विचारायचास, दहा वर्षांपूर्वी, मग वीस वर्षांपूर्वी, मग तीस वर्षांपूर्वी शिरवळचं एक कार्ड कुठं गेलं असेल. माणसं तुला बघून सायकल दुसऱ्या गल्लीत घालायची. मी हसायची. घरी आल्यावर मात्र मला जेवण जायचं नाही.

मी लग्न होऊन माधवनगरला आले. आमचे हे मिलमध्ये होते, मागाच्या खडखडाटानं त्यांचे दोन्ही कान अधू. तू आलास की दोघं ओरडून गप्पा मारायचा, चाळीत वाटायचं भांडण लागलं. ते गेल्यावरही तू येत राहिलास, वर्षातून दोन-तीनदा, सांगलीला काही काम काढून. तुझी बसायची जागा ठरलेली. डावा कान भिंतीकडं, उजवा माणसांकडं. पण ताट घेताना, पाणी देताना मी मुद्दाम तुझ्या डाव्या बाजूनं यायची आणि जे काही साठलेलं असेल ते हळूच बोलून घ्यायची. बायकोला डॉक्टरकडं वेळेवर नेलं नाहीस तेव्हाची शिवी. जमिनीवरून भावाशी कोर्टात गेलास तेव्हाची शिवी. बायको गेल्यावर तू रडला नाहीस, तेव्हा मात्र शिवी नव्हती. आणि कधीमधी, फार कधीमधी, तेही बोलून घ्यायची. माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात बँड वाजत असताना बोलले होते. आमच्या ह्यांच्या वर्षश्राद्धाला बोलले होते. "टाकलं न्हवतं रं मी." तू समोर बघत जेवत असायचास. मला तेवढ्यानं पुढची पाच-सहा वर्षं जायची.

एकदाच मी गंमत म्हणून तुझ्या उजव्या कानाला म्हणाले होते, काहीही म्हण, तू माझ्या अक्षरानं वाचलास. तुला हसू येईल वाटलं. तू म्हणालास, "जोतिरामचं अक्षर बी लय चांगलं होतं." त्यानंतर आपण त्या विषयावर फक्त फोनवरच हसलो, तुझ्या खोट्या मरणाच्या दिवशी.

आता शेवटच्या भेटीचं. जाण्याआधी सहा दिवस. मिरजेला काम होतं म्हणालास, काय काम ते सांगितलं नाहीस. थंडी होती, डोक्याला कानटोपी. घरात येऊनही काढली नाहीस. मी म्हणाले, आता काय डोक्यावर कावळा बसतोय? तू म्हणालास, गार वाजतंय. आणि दिवाणावर बसलास तो नेहमीपेक्षा उलटा. उजवा कान भिंतीकडं, डावा स्वयंपाकघराकडं. मला वाटलं, वय झालं, दिशा चुकली. मला तर पर्वणीच मिळाली. भाकऱ्या थापता थापता मी मनसोक्त बोलून घेतलं. म्हातारा भाकरी गिळतोय की पोत्यात भरतोय, असं म्हणाले. मिशीला कलप लावून कुणाला दाखवायचंय, असं म्हणाले. तू मान खाली घालून आमटी ओरपत होतास, खांदे तेवढे हलत होते. मला वाटलं ठसका लागलाय.

मग तू नेहमीसारखं विचारलंस, मान वर न करता. "मालन, आता दोघं बी काठावर हाय. खरं सांग. कार्ड टाकलं होतंस?"

मी मोठ्यानं सांगितलं, "टाकलं होतं." चाळीला ऐकू जाईल असं.

मग भाकरी घेऊन तुझ्या डाव्या बाजूला आले. का कोण जाणे, त्या दिवशी मी नुसतं एका वाक्यावर थांबले नाही. वाकून ताटात भाकरी ठेवली आणि हळूच सगळं बोलले. टाकलं न्हवतं रं. पेटीपातूर गेले होते. तू मरशील म्हून भ्याले. म्हातारीला रडत ठेवली मी. ती माज्यामुळं गेली आसंल तर मला ठाव न्हाई. एवढं बोलून सरळ झाले, तर तुझा हात ताटात थांबलेला. किती वेळ थांबला होता कुणास ठाऊक. तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपली तरी मी हलले नाही.

मग तू म्हणालास, "बरं." आणि म्हणालास, "ती करपल्याली दे."

मला वाटलं, बरं म्हणजे 'टाकलं होतं' त्याला बरं. मी भाकरी दिली. तू ती चवीनं खाल्लीस, बोटं चाटलीस. निघताना पायरीवर थांबून म्हणालास, "शिरवळची आजी अशीच करायची बघ. एका अंगानं करपलेली." इतक्या वर्षांत तू त्या म्हातारीचं नाव असं सहज, हसऱ्या तोंडानं कधी काढलं नव्हतंस. मी म्हणाले, म्हणजे मला स्वयंपाक येत नाही म्हण की सरळ. तू हात हलवलास आणि गेलास. हे शेवटचं. माझं शेवटचं वाक्य काय होतं, तर 'स्वयंपाक येत नाही म्हण'.

परवा दहाव्याला आम्ही नदीवर होतो. विलासनं पिंड ठेवले, सगळे मागं सरले. कावळे होते, बाभळीवर पाच-सहा बसले होते, पण एकही खाली उतरेना. विलासनं हात जोडून सांगितलं, चुलत्यांबरोबरचा दावा मिटवतो. कावळा येईना. पोरीच्या शिक्षणाचं सांगितलं, विहिरीचं सांगितलं. येईना. ऊन तापलं. माणसं आपसांत कुजबुजायला लागली, म्हातारा कशात अडकलाय म्हणून. एक जण माझ्याकडं बघून म्हणाला, "आवं मालनबाई, तुमी जुन्या. तुमास्नी काय ठावं हाय का?"

मला ठाऊक होतं, रंगा. मी पुढं गेले. ज्या गावात एकोणिसाव्या वर्षी तोंड उघडलं नाही त्या गावासमोर, कावळ्यांकडं बघून मोठ्यानं सांगितलं, की दुसरं कार्ड मी टाकलं नव्हतं. मुद्दाम टाकलं नव्हतं. पोस्टाचा दोष नव्हता. सगळं सांगितलं. विलास माझ्याकडं बघतच राहिला. मला खात्री होती, आता येईल. हेच अडलंय त्याचं. आता उतरेल.

नाही उतरला. एकानं मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं आणि पंख पसरून पलीकडच्या उसात निघून गेला. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. माणसं निघाली. माझी मान वर होईना. मला वाटलं, संपलं. ऐकलंस, आणि तुला पटलं नाही. मला माफी नाही.

घरी आल्यावर सुनीता माझ्याजवळ येऊन बसली. तुझं कपाट आवरत होती. त्यातून एक छोटी डबी काढून तिनं माझ्या हातावर ठेवली. आत बोंडाएवढं यंत्र. म्हणाली, "आत्या, हे काय करायचं ओ? महिना बी झाला न्हवता. मिरजेच्या डॉक्टरनी डाव्या कानात बसवून दिलं होतं. पयल्या दिवशी तर चिमण्या ऐकत बसले होते परसात."

मी विचारलं, माझ्याकडं आला होता तेव्हा?

ती म्हणाली, "तवा होतं की. कानटोपी मुद्दाम घालून गेले. म्हणले, मालनला सांगू नका. ती डाव्या बाजूनं पन्नास वर्षं काय बोलती ते मला ऐकायचंय."

रंगा, मेल्या.

तिथंच तुझ्या ओट्यावर, तुझ्या त्या खांबाला टेकून मी बसले. हसू आलं की रडू आलं ते मला सांगता येणार नाही, सुनीता घाबरून पाणी आणायला पळाली एवढं खरं. मिशीच्या कलपाचं ऐकलंस. पोत्याचं ऐकलंस. खांदे हलत होते तो ठसका नव्हता. आणि मग दुसरंही ऐकलंस, पहिल्यापासून शेवटपर्यंत. घास खाली ठेवला नाहीस या वेळी. ताट सरकवलं नाहीस. करपलेली मागून घेतलीस.

मग नदीवर तू कशाला येशील? कावळ्यावर तुझा विश्वास तसाही नव्हता.

अजून सकाळी आठ वाजता फोन वाजला की वाटतं, घोगरा आवाज येईल. या वयात माणूस जायचंच, असं मला जो तो सांगतोय, जसं काही मला हिशेब येत नाही. मी मॅट्रिकला गणितातच गेले होते, हेही आता सांगून टाकते.

कार्ड अजून माझ्याकडं आहे, त्याच कंपासपेटीत. शाई फिकट पडली आहे, पण वाचता येतं. चि. रंगराव सुखरूप आहे. काळजी नसावी. चारी कोपरे शाबूत. विलासनं नदीवरून येताना सांगितलं होतं, आत्या, मनाला लावून घेऊ नका, ते कार्ड उद्याच्या उद्या पाण्यात सोडून द्या. मी म्हणाले, टाकते.

टाकलं न्हाई.

कधी विचारलंस तर मोठ्यानं सांगेन, टाकलं होतं. तू फक्त बरं म्हण.

तुझी,
मालन